न वाजणारा डबा

रायपूरच्या गोल बाजारातल्या हिरालाल शेठच्या भांड्यांच्या दुकानात बिलाच्या टेबलाला टेकून स्टीलच्या थाळ्यांची एक चळत उभी असे. शेठच्या वडिलांनी ती तिथे लावली होती म्हणून ती तिथेच राहायची. थाळ्या विकल्या जायच्या, नव्या यायच्या, पण जागा बदलायची नाही. या पावसाळ्यापासून मात्र ती चळत वाजायला लागली. दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी तिची बारीक किणकिण चालूच. कारण टेबलामागे शार्दूल पिंपळखुटे बसायचा आणि त्याचा उजवा गुडघा काही केल्या स्वस्थ राहायचा नाही.

"भैया, पाँव!" शेठ गादीवरून ओरडायचे. गुडघा थांबायचा. शेठचा डोळा लागला की पुन्हा सुरू.

जूनपर्यंत हाच शार्दूल एका मोठ्या सिमेंट कंपनीचा सेल्स मॅनेजर होता, आणि थोडाथोडका नाही, अख्ख्या छत्तीसगडचा. राज्य नवीन झालं तेव्हा तो नुकता नोकरीला लागलेला पोरगा होता आणि मोटरसायकलवर डीलरांचे उंबरे झिजवत होता. मग रायपूर राजधानी झालं आणि शहराला सिमेंटची भूक लागली. मंत्र्यांना बंगले हवेत, साहेबांना कॉलन्या हव्यात, गाड्यांना पूल हवेत. तेवढ्याने भागेना म्हणून धानाच्या शेतांपलीकडे अख्खं नवं रायपूर उभं राहिलं. त्या वर्षांत गावात कुणी होता त्या खुर्चीवर राहिलाच नाही. कारकून अधिकारी झाले, ठेकेदार बिल्डर झाले, आणि शार्दूल एकेक पायरी चढत गेला. प्रत्येक पायरीवर गाडी मोठी झाली आणि झोप लहान.

मे महिन्यात जगदलपूरच्या एका हॉटेलात सकाळी त्याला जाग आली आणि आपण कोणत्या गावात आहोत ते आठवेना. खिडकी उघडून पाहिलं, तरी कळेना. शेवटी टॉवेलावर छापलेलं हॉटेलचं नाव वाचलं, तेव्हा गाव कळलं. टॉवेल तोंडाला लावून तो पलंगावर बसला आणि चक्क रडला. घरी येऊन त्याने राजीनामा दिला. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिलीच होती, त्यामुळे सांगायला कारण तयार होतं. दुसरं कारण त्याहून चांगलं होतं. "मले शमूसाठी वेळ पाहिजे," तो सगळ्यांना सांगायचा. शमू म्हणजे शर्मिष्ठा, त्याची पाचवीतली मुलगी.

हिरालाल शेठना कॉम्प्युटरवर बिलं करणारा माणूस हवा होता. अकरा ते पाच काम, दुपारी अर्धं शटर खाली आणि शेठची झोप. पगार सांगण्यासारखा नव्हता आणि शार्दूल तो कुणाला सांगतही नव्हता. बायको विनीता शाळेत शिकवायची, गाठीला थोडी पुंजी होती, ब्राह्मणपारा नावाच्या जुन्या मोहल्ल्यातलं घर स्वतःचं होतं. निवांत जगायला माणसाला आणखी काय लागतं? तर निवांतपणा लागतो, आणि तो कोणत्याच दुकानात मिळत नाही, हे शार्दूलला श्रावणातच कळून चुकलं.

त्याने आधी शेठचं दुकान सुधारायला घेतलं. कुकरवर झाकणी फुकट द्या, लग्नसराईची योजना काढा, पंडरीच्या कापडवाल्यांशी बोलून साड्या आणि भांडी जोडीने विका. शेठनी एक महिना ऐकून घेतलं. मग एके दिवशी हात जोडले. "भैया, मेरी दुकान चल रही है। आपको बिल बनाने रखा है, दुकान चलाने नहीं। ज्यादा चलेगी तो मुझे जागना पड़ेगा।"

मग त्याने घर सुधारायला घेतलं. मसाल्यांच्या डब्यांना चिठ्ठ्या लागल्या, गॅसच्या नळीची तारीख भिंतीवर आली, मोलकरणीला वेळापत्रक मिळालं आणि ती सोडून गेली. विनीताने दोन दिवस भांडी घासली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन, हातापाया पडून तिला परत आणलं.

शार्दूलचे वडील यशवंतराव रेल्वेतून रिटायर झालेले. खलाशापासून सुरुवात करून सुपरवायझर होईपर्यंत त्यांनी एकही परीक्षा सोडली नव्हती. मुलगा थाळ्या विकतो हे त्यांना सांगवेना, म्हणून देवळात कुणी विचारलं की ते म्हणायचे, "सुट्टीवर आहे." चार महिने झाले तरी सुट्टी संपत नव्हती आणि म्हाताऱ्याला देवळात जायचीच लाज वाटू लागली होती.

अशात नागपूरहून रामकृष्ण सरांचा फोन आला. हे शार्दूलचे जुने वरिष्ठ. "शार्दूल, तीन राज्यांचा झोन एकत्र करून राहिले. ऑफिस तुमच्या नव्या रायपुरात. झोनल हेड म्हणून मी तुझं नाव दिलं. झाला न आराम? आता ये वापस. आठवड्यात सांग."

फोन ठेवला तेव्हा थाळ्या अशा वाजत होत्या की समोरच्या चपलांच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. शार्दूलने घरी कुणाला काही सांगितलं नाही. तीन राज्यं! नको असलेली वस्तू कुणी हातात ठेवावी आणि हाताने ती घट्ट धरावी, तसं त्याचं झालं. नाही म्हणायचं त्याने पक्कं ठरवलं होतं, आणि रोज आंघोळ करताना तो तीन राज्यांच्या डीलरांसमोर भाषण देत होता.

त्याच आठवड्यात त्यांच्या घरी भुलाबाई होती. विदर्भातून येऊन पिढ्या झाल्या तरी पाऱ्यातल्या मराठी घरांनी ही एक गोष्ट सोडली नव्हती. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, रोज एकीच्या घरी. पाटावर मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, मांडायचे, मुलींनी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची. निम्म्या मुलींना गाण्यांचा अर्थ कळायचा नाही, घरी हिंदीच बोलायच्या, पण चाली सगळ्या पाठ. आणि गाण्यांपेक्षा मोठा भाग पुढचा. ज्या घरी भुलाबाई, त्या घरची मुलगी खाऊ बंद डब्यात घालून आणणार, डबा खळखळ हलवणार आणि बाकीच्यांनी आवाजावरून तो ओळखायचा. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. खाऊ काय आहे हे आईला नि त्या मुलीला सोडून घरात कुणाला सांगायचं नाही, असा दंडक. मुली आठवडाभर आधीपासून न वाजणारा, फसवा वाजणारा खाऊ शोधत असतात.

शार्दूलने एवढ्या वर्षांत एकदाही भुलाबाई पाहिली नव्हती. पाहणार कधी? तो तेव्हा कोरब्याला किंवा अंबिकापूरला असायचा. आता तो घरी होता, आणि मोकळा होता, आणि त्याच्यासारखा मोकळा माणूस फार धोक्याचा. त्याने पाऱ्यातल्या सगळ्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. गाण्यांची वेळ ठरवून दिली. बसायची सतरंजी, चपलांची जागा, पाण्याच्या बाटल्या, सगळं लावून दिलं. विनीता वह्या तपासत होती. तिने एकदा मान वर करून विचारलं, "तुम्ही नेमकं काय करून राहिले?" तो म्हणाला, "तू टेन्शन घेऊ नको, मी सगळं पाहून राहिलो." हे वाक्य तो डीलरांच्या संमेलनाआधी म्हणायचा.

आणि मग त्याने ते केलं. एका मुलीला शेंगदाणे चालत नाहीत असं कानावर आलं होतं. म्हणून गुरुवारी दुपारी, शेठ घोरत असताना, त्याने दुकानात बसून ग्रुपवर टाकलं: आजचा खाऊ रव्याची शंकरपाळी आणि मुरमुऱ्यांचा चिवडा, शेंगदाणे नाहीत, निश्चिंत असावे. सोबत सकाळी स्वयंपाकघरात झाकणं उघडून काढलेला फोटो. खाली अंगठे पटापट उमटले आणि त्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

संध्याकाळी मुली आल्या. टिपऱ्या वाजल्या, गाणी झाली. दारात उभा राहून शार्दूल पाहत होता आणि त्याचा ऊर भरून आला होता, हे खोटं नाही. शमू आतून डबा घेऊन आली. तो त्याने मुद्दाम शेठच्या दुकानातून आणला होता, घट्ट झाकणाचा, चकचकीत. तिने दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो हलवला. खळखळ झाली. कुणी बोलेना.

"बोलो ना," शमू म्हणाली. "क्या है?"

मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. मग क्षमा नावाची बुटकी पोर म्हणाली, "शंकरपाळी और चिवड़ा। मम्मी के फोन में फोटो आई थी।" बाकीच्यांनीही माना डोलवल्या. एकीने तर शंकरपाळ्यांना तीळ लावलेत हेही सांगितलं.

शमू डबा धरून तशीच उभी राहिली. तिने या शंकरपाळ्या महिनाभर आधी ठरवल्या होत्या. त्यांच्यात चिवडा घातला की नुसत्या मुरमुऱ्यांसारखा आवाज येतो, हे तिने तीनदा डबा भरून, हलवून पाहिलं होतं. तिने झाकण उघडलं, सगळ्यांना खाऊ वाटला, नीट वाटला. मुली खाऊन लवकरच गेल्या. तोवर ती रडली नाही. नंतरही फार रडली नाही. बापासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, आप वापस ऑफिस जाओ ना। जब आप नहीं रहते थे ना, तब अच्छा था।"

शार्दूलने सतरंजीची घडी करायला घेतली. ते वाक्य त्याला लागलं. आणि खरं सांगायचं तर, ती घडी करताना कुठेतरी त्याला सुटल्यासारखंही वाटलं.

शुक्रवारी दुपारी शेठ झोपल्यावर त्याने रामकृष्ण सरांना फोन लावला आणि हो म्हणून टाकलं. सर खुश. "मले माहीत होतं बे! सोमवारी सकाळी ये. आणि टाय लावून ये, मुंबईचे साहेब येऊन राहिले."

घरी सांगितल्याबरोबर यशवंतरावांनी कोट झटकून ठेवला आणि संध्याकाळी देवळात जाऊन आले. आल्यावर ते सुनेला म्हणाले, "झोनल हेड म्हणजे काय असते, माहीत आहे न तुले?" विनीता हव म्हणाली आणि कणीक मळत राहिली. ते गेल्यावर तिने हात धुतले.

"जायचं असंन तर जा. मी अडवणार नाही. पण पोरीच्या नावावर जाऊ नका."

"तीच म्हणाली न, वापस जा म्हणून."

"नोकरी सोडली तेव्हाही तिचंच नाव होतं. तुमचं स्वतःचं काही आहे का नाही?" तिचा आवाज चढला. "तुम्ही नोकरी सोडलीच नाही. फक्त ती उचलून घरी आणली. मसाल्याच्या डब्यापासून भुलाबाईपर्यंत सगळ्यांचे मॅनेजर झाले. मी चार महिने चूप बसली, वाटलं उतरंन अंगातून. पोट्टीनं एक शब्द बोलला आणि तो तुम्हाले सोयीचा पडला." मग थोडं थांबून म्हणाली, "तिले तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

त्याने शमूला सांगितलं नाही. शनिवारी सांगू म्हणाला, शनिवारी रविवारवर ढकललं. सांगायला काय होतं? तिचंच तर म्हणणं होतं. पण ती समोर आली की त्याला मुंबईच्या साहेबांपुढे उभं राहिल्यासारखं व्हायचं. शनिवारी त्याने कपाटातून निळ्या पट्ट्यांचा टाय काढला, इस्त्री केला आणि कपाटाच्या दारावर लटकवला. येता-जाता तो दिसायचा आणि प्रत्येक वेळी त्याला जगदलपूरचा टॉवेल आठवायचा. नको म्हणावं, तर उद्या पुन्हा त्या किणकिणीपुढे बसायचं. हो म्हणावं, तर तो टॉवेल. दोन्हीकडून माणूस सोलला जात होता.

रविवारी कोजागिरी. त्या दिवशी भुलाबाईची बोळवण, आणि पाऱ्यातल्या सगळ्या मुली आपापला डबा घेऊन एकाच अंगणात जमतात. यंदा अंगण प्रमोदिनीकाकूंचं होतं, दोन घरं सोडून. उसांचा मांडव केला होता. ज्वारीचे धांडे हवेत, पण रायपुरात ते कुठून मिळणार? चूल पेटली, दूध आटायला ठेवलं. शार्दूलने या वेळी ग्रुपवर काहीही टाकलं नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या गुडघ्याखाली वाजण्यासारखं काही नव्हतं, एवढंच बरं होतं.

एकेक डबा ओळखला गेला. क्षमाचा पहिल्या हलवणीतच. शेवटी शमूचा डबा आला, तोच चकचकीत, घट्ट झाकणाचा. तिने तो हलवला. आवाज नाही. उलटा केला, पुन्हा हलवला. काहीच नाही. मुलींनी कान लावले. डबा जड होता, म्हणजे रिकामा नव्हता, पण आत काही हलत नव्हतं. शिरा! खरवस! पेढे घट्ट भरले! नाही, नाही, नाही. आयाही पुढे आल्या. प्रमोदिनीकाकूंनी पदर खोचून डबा हलवला आणि हार मानली. शमूचे डोळे चमकत होते. मग ती डबा घेऊन थेट बापापुढे आली.

"अब आप बताओ।"

शार्दूलने डबा हातात घेतला. हलवला. कान लावला. त्याला खरंच कळेना, आणि सगळं अंगण त्याच्याकडे पाहत होतं. एवढ्या वर्षांत माहीत नसलेली गोष्ट हातात धरून तो असा कधी बसला नव्हता. माहीत नसलं तर कुणाला तरी फोन करायचा, ही सवय. बर्फी, म्हणाला. नाही. सांजा? नाही. सगळ्या पोरी खिदळत होत्या आणि त्यालाही हसू फुटलं. त्याचं त्याला नवल वाटलं. "हरलो," तो म्हणाला. "सांग बाई."

शमूने झाकण उघडलं. मोठ्या डब्यात एक लहान डबी होती, तिच्यात ठासून बसवलेले तिळाचे लाडू, आणि डबी हलू नये म्हणून तिला चहूबाजूंनी, घट्ट, वेढ्यावर वेढे देऊन निळ्या पट्ट्यांचा टाय गुंडाळला होता. डबीला लागलेल्या तुपाचा एक मोठा डाग टायवर उमटला होता.

"अरे, माझा टाय!" शार्दूल म्हणाला.

शमूचा चेहरा उतरला. "आपके काम की थी क्या? वो तो बाहर टंगी थी। मुझे लगा दिवाली की सफाई में निकाली है, देने के लिए।"

"तू तर म्हणली होती, ऑफिसला जा."

"वो तो गुस्से में बोला था, पप्पा," ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि लाडू वाटायला पळाली.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला विनीता दूध ढवळत होती. तिने सगळं ऐकलं होतं. यशवंतराव टायकडे पाहत होते. शार्दूलने टाय उलगडला. धुतला तर डाग जाईल, असा विचार त्याच्या मनात आधी आला. मग त्याने तो घडी करून खिशात घातला आणि अंगणाबाहेर गल्लीत जाऊन उभा राहिला. फोन लावला.

"सर, मी उद्या येणार नाही. नाही जमणार."

"काय झालं? पोट्टीनं रोखलं का?"

"नाही सर. ती तर जा म्हणत होती."

"मग बी.पी. वाढलं?"

"बी.पी. ठीक आहे."

"मग काहून नाही म्हणून राहिला, भाऊ?"

शार्दूलला कारण शोधायला थोडा वेळ लागला, कारण आजवर त्याच्याकडे कायम दुसऱ्या कुणाचं तरी कारण असायचं. "मले नाही पाहिजे सर," तो म्हणाला. "बस, एवढंच."

"पस्तावशील," रामकृष्ण सर म्हणाले.

"हव सर. बहुतेक पस्तावीन."

फोन ठेवल्यावर त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. भीती वाटली. तीन राज्यं गेली, आता पुन्हा कुणी विचारणार नाही, आणि उद्या सकाळी त्याच खुर्चीवर बसायचं आहे. तो आत आला, दुधाचा पेला घेतला आणि विनीताजवळ बसला. "नाही म्हणून सांगितलं," तो हळूच म्हणाला. "कुणाच्या नावावर?" तिने विचारलं. "माझ्या." तिने त्याच्या पेल्यात आणखी थोडं दूध ओतलं. यशवंतरावांनी मात्र तोंड फिरवलं आणि ते आठवडाभर मुलाशी बोलले नाहीत.

सोमवारी अकराला शार्दूल दुकानात आला तेव्हा शेठ अगरबत्ती लावत होते. त्याने पिशवी ठेवली, बाह्या सारल्या आणि टेबलाला टेकलेली थाळ्यांची चळत उचलून, थोड्या थोड्या करत, पलीकडच्या भिंतीशी नेऊन लावली.

"ये क्या कर रहे हो भैया?" शेठ घाबरून ओरडले. "फिर सुधार?"

"नहीं शेठ. पाँव तो हिलेगा. इसलिए थाळी हटा दी."

शेठनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, बापाच्या फोटोकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते, पण गिऱ्हाईक आलं. दुपारी अर्धं शटर खाली आलं आणि शेठ गादीवर आडवे झाले. शार्दूल खुर्चीवर बसून राहिला. टेबलाखाली त्याचा गुडघा हलत होता, आणि दुकानात काहीच वाजत नव्हतं.